दाराला टक्कर

समजा, तुम्ही पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या सैन्यात आहात आणि समोर सोलापूरचा भुईकोट किल्ला आहे. दरवाजा बंद. आतून अडसर घातलेला. अडसर म्हणजे दारामागे आडवा सरकवलेला जाडजूड वासा. त्याची दोन्ही टोकं भिंतीतल्या दगडी खोबणीत जाऊन बसतात. वरून बाण येताहेत, दगड येताहेत. तुमच्याजवळ किल्ली नाही, आणि असून उपयोगही नाही, कारण बाहेरच्या बाजूला कुलूपच नाही! करा आता काय करायचं ते.

“सगळे मिळून ढकलू,” असं कुणीतरी म्हणणारच. ठीक आहे, ढकला. सोळा दणकट गडी घेतले आणि प्रत्येकाने चाळीस किलो वजनाइतका रेटा दिला, तर झाला साडेसहाशे किलोच्या आसपास. अडसराला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही दमाल आणि आतले लोक हसतील.

आता त्याच सोळा गड्यांना दोनशे किलोचा एक ओंडका द्या. दोन्ही बाजूंना आठ-आठ जण. तो दाराला टेकवून रेटायचा नाही हं! तसं केलंत तर पुन्हा तेच साडेसहाशे किलो. आधी मागे जायचं. दहा-पंधरा पावलं मागे, आणि मग “हर हर महादेव” म्हणत धावत सुटायचं. धडाम!

मागे का जायचं, हे सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या बाजूला एखाद्या वाड्यावर मेंढरं पाहिलेल्या मुलांना सांगायला नको. दोन एडके एकमेकांवर खवळले की आधी दोघंही मागे मागे सरकतात. नवख्याला वाटतं, घाबरले बुवा. मग दोघं एकदम धावतात आणि कपाळावर कपाळ आदळतं. आवाज असा होतो की बघणाऱ्याचंच डोकं दुखावं. एडक्याच्या कवटीचं हाड जाड असतं, त्यात पोकळ्या असतात आणि मानेचे स्नायू भक्कम असतात, म्हणून त्याचं निभावतं. (माणसं मुद्दाम एडक्यांच्या टकरी लावतात, तो प्रकार मला मुळीच आवडत नाही, आणि प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यातही तो बसत नाही. रानात ते आपले आपण भिडले तर गोष्ट वेगळी.) रोमन सैनिकांनी दार फोडायच्या ओंडक्याला ‘मेंढा’ असंच नाव दिलं होतं, आणि त्याच्या टोकाला लोखंडाचं डोकं बसवलेलं असे. आपणही त्याला मेंढाच म्हणू.

धावताना नेमकं काय होतं? सोळा जण जी ताकद लावतात, ती पंधरा पावलं ओंडक्यात साठत जाते. साठते म्हणजे त्याचा वेग वाढतो. आणि साठलेलं सगळं दारापाशी एका क्षणात बाहेर पडतं. गणित अगदी सोपं आहे. २०० किलोचा ओंडका सेकंदाला ३ मीटर वेगाने आला. वजन गुणिले वेग, ६००. याला शास्त्रज्ञ संवेग म्हणतात. आता तो किती वेळात थांबला ते महत्त्वाचं. लाकूड आणि लोखंड दोन्ही कडक, तेव्हा धरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात थांबला. ६०० ला १/५० ने भागा: ३०,००० न्यूटन. म्हणजे जवळजवळ ३ टन वजनाइतका जोर. तेच सोळा गडी, पण साडेसहाशे किलोऐवजी तीन हजार किलो!

या हिशेबातली खरी गंमत ‘किती वेळात थांबला’ या भागात आहे. थांबायला जितका कमी वेळ, तितका दणका मोठा. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे घेतात ते यासाठीच. चेंडू थांबायला थोडा जास्त वेळ मिळाला की हात झिणझिणत नाहीत.

ही गोष्ट किल्ला राखणाऱ्यांच्याही लक्षात आली होती, बरं का! इसवी सन ६७ मध्ये रोमन सेनापती व्हेस्पासियनने आजच्या इस्रायलमधल्या योटापाटा नावाच्या गावाला वेढा घातला. गावाचा बचाव करणाऱ्यांचा प्रमुख होता जोसेफस. रोमनांनी जहाजाच्या डोलकाठीएवढा मेंढा आणला आणि तटाला धडका द्यायला सुरुवात केली. जोसेफसने काय करावं? पोत्यांत भुसा भरला, पोती दोरांना बांधली आणि मेंढा जिथे आदळणार तिथे वरून खाली सोडली. धडक भुशात! रोमनांनी मेंढा दुसरीकडे वळवला, की वरचे लोक पोतंही तिकडे सरकवत. आपल्या हिशेबात बसवून बघा. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाऐवजी पाचव्या भागात ओंडका थांबला, तर ३ टनांचे होतात ३०० किलो. भुशाच्या पोत्याने नव्वद टक्के दणका खाऊन टाकला.

मग रोमनांनी लांब काठ्यांना विळे बांधले आणि पोत्यांचे दोरच कापले. हे सगळं आपल्याला कळतं ते जोसेफसच्याच पुस्तकातून, कारण तो पुढे इतिहासकार झाला. स्वतःच्या युक्तीची गोष्ट स्वतःच सांगितलेली, तेव्हा थोडं तिखटमीठ लावलेलं असणार. पण युक्ती पक्की आहे, भौतिकशास्त्राला धरून आहे. त्याच वेढ्यात एलाझार नावाच्या गड्याने तटावरून प्रचंड धोंडा टाकून मेंढ्याचं लोखंडी डोकंच तोडलं, असंही तो लिहितो.

सोलापूरच्या मुलांना भुशाच्या पोत्याची करामत बघायला इस्रायलला जायचं कारण नाही. जुन्या पद्धतीचा यंत्रमाग बघा. चादरीच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात खटक-खटक-खटक असा जो आवाज येतो, तो टकरींचाच आवाज आहे. आडवा धागा घेऊन जाणारा धोटा, दोन्ही टोकांना निमुळता आणि टोकाला धातू बसवलेला, एका पेटीत बसलेला असतो. माग फिरला की एक दांडा त्याला फटका मारतो. जिथे फटका बसतो त्या तुकड्याला पिकर म्हणतात. तेवढ्या एका फटक्यावर धोटा उभ्या धाग्यांमधून सुसाट पलीकडे जातो. पलीकडच्या पेटीत तो तसाच आदळला तर एकतर फुटेल, नाहीतर उलटा उसळी मारून परत येईल. म्हणून तिथे त्याला दोन्ही अंगांनी दाबणारी पट्टी असते आणि शेवटी चामड्याचा मऊ अडथळा. म्हणजे इकडे व्हेस्पासियन, तिकडे जोसेफस, आणि हा खेळ मिनिटाला शंभराहून जास्त वेळा! नव्या मागांवर धोटा नसतो, त्यामुळे तो खटखटाटही नाही. पण कुणाच्या घरी किंवा ओळखीच्यांकडे जुना माग असेल, तर एकदा लांबून उभं राहून बघाच. लांबून म्हणतोय, कारण उडालेला धोटा डोळ्याला लागू शकतो. मागावरची माणसं त्याला फार जपून असतात.

बरं, हा मेंढा शोधला कुणी? रोमन स्थापत्यकार व्हिट्रुवियस एक गोष्ट सांगतो. कार्थेजचं सैन्य एका गढीसमोर थांबलं होतं. हातात एक तुळई धरून ते भिंतीच्या माथ्यावर ठोकत राहिले आणि दगड एकेक करून पाडले. ते बघून पेफ्रास्मेनोस नावाच्या कारागिराला वाटलं, एवढी जड तुळई हातात कशाला धरायची? त्याने एक खांब उभा केला आणि तराजूच्या दांडीसारखी तुळई दोराने टांगली. आता वजन दोराने पेललं आणि माणसांनी फक्त झोका द्यायचा. झोक्याला हिसका देताना नेमका क्षण साधला की दरवेळी तो आधीपेक्षा उंच जातो, तसाच टांगलेला मेंढाही.

गोष्ट छान आहे. फक्त त्याच्या कितीतरी आधीचे मेंढे चित्रांत दिसतात, एवढीच अडचण! आजच्या इराकमध्ये असिरियन लोकांचं मोठं साम्राज्य होतं. त्यांच्या राजांना आपल्या लढाया राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घ्यायची हौस होती, आणि ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सेन्नाखेरिब राजाने इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये लाखीश हे शहर घेतलं, त्याची चित्रं बघण्यासारखी आहेत. मातीची चढण रचून तिच्यावरून चाकांचे मेंढे तटाकडे ढकलत नेलेत. वरून शहरातले लोक पेटत्या मशाली फेकताहेत. आणि मेंढ्याच्या गाड्यात बसलेला एक माणूस भल्या लांब दांड्याच्या पळीने मेंढ्यावर पाणी ओततोय! लढाईच्या एवढ्या धामधुमीत पळी घेऊन बसलेला हा माणूस मला फार आवडतो. त्याहून जुन्या, असुरनासिरपाल राजाच्या चित्रात तटावरच्या लोकांनी साखळी टाकून मेंढ्याची मान पकडली आहे आणि ते तो वर ओढताहेत. खालचे सैनिक आकड्यांनी तोच मेंढा खाली खेचताहेत.

आपल्याकडे मात्र ओंडका कशाला हवा? आपल्याकडे हत्ती होता.

मोठा नर हत्ती साधारण ४,००० किलोचा. तो सेकंदाला ४ मीटर वेगाने धावत आला, तर संवेग १६,०००. आपल्या सोळा गड्यांच्या ओंडक्याच्या सव्वीसपटीहून जास्त! शिवाय धडक देऊन झाल्यावर तो कपाळ लावून रेटतही राहतो. म्हणून आपल्याकडच्या दरवाजांवर लोखंडी सुळे दिसतात. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. त्याच्या प्रत्येक झडपेवर ७२ अणकुचीदार सुळे आहेत, नऊ गुणिले आठ अशा मांडणीत. एकेक सुळा बारा इंचांचा, म्हणजे तुमच्या फूटपट्टीएवढा. आणि ते लावलेत कुठे? हत्तीचं कपाळ जिथे येईल त्या उंचीवर. सुळ्यांमुळे दार जास्त मजबूत होत नाही. फक्त हत्तीला ‘धावत ये’ म्हणणं कुणाला शक्य होत नाही. हत्ती शहाणा प्राणी आहे.

पण सुळ्यांहून मोठी युक्ती त्या दाराच्या मागे आहे, आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. समजा, दिल्ली दरवाजा फुटलाच. आत शिरलेल्याला सरळ जाता येत नाही. आधी उजवीकडे काटकोनात वळायचं, लगेच पुन्हा डावीकडे. रायगडाचा महादरवाजा तर दोन बुरुजांच्या कुशीत असा लपवलाय, की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. असं का बरं? मेंढ्याची सगळी ताकद कशात होती? मागे जाण्यात. पंधरा पावलं मोकळी जागा असण्यात. ती पंधरा पावलंच काढून घेतली, तर हत्तीसुद्धा नुसता एक मोठा ढकलणारा उरतो. वळणाऱ्या अरुंद वाटेत लांब ओंडका फिरवताही येत नाही. घरातलं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलेलं ज्यांनी बघितलंय, त्यांना हे लगेच पटेल.

डोंगरी किल्ल्याला हे सोपं जातं. डोंगरच कुणाला धावू देत नाही. सोलापूरचा किल्ला सपाट जमिनीवर, म्हणून तर त्याला भुईकोट म्हणायचं. इथे धाव मोडायची तर ती माणसांनीच मोडायला हवी. बहमनी काळात हा किल्ला उभा राहिला. एकाच्या आत एक अशा दोन तटभिंती. तीन बाजूंना रुंद, खोल खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलावाचं पाणी. खंदकाकडे बघताना आपण म्हणतो, शत्रू बुडावा म्हणून केलाय. बुडण्याचं सोडा, पाणी आटलं तरी खंदकाचं काम चालूच राहतं. चाकांचा मेंढा खड्ड्यात उतरवून पलीकडे चढवणार कसा? आणि पलीकडे नेलाच, तरी तट आणि खंदक यांच्यामध्ये मागे जायला जागा कुठे आहे? गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर जाल, तेव्हा पाळण्यात बसायच्या आधी थोडं किल्ल्याकडे वळा आणि एकच प्रश्न विचारत चाला: इथून मला पंधरा पावलं धावता येईल का?

असा हा किल्ला एकदा चक्क लग्नात आंदण दिला गेला. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोबत सोलापूरचा किल्लाही दिला. पुढच्याच वर्षी, १५६५ मध्ये, दोघं मिळून विजयनगरशी लढले. मात्र किल्ल्यावरून या दोन घराण्यांचं भांडण आधीही होतं आणि नंतरही. आंदणात मिळालेला किल्ला कुणी सुखाने नांदू दिला नाही.

एव्हाना तोफा आल्या होत्या, आणि तोफेने मेंढ्याची नोकरी घालवली. गोळा आकाराने लहान असतो. धरा ८ किलोचा, सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणारा. संवेग फक्त २,४००, हत्तीच्या सहाव्या भागाहूनही कमी. मग तोफ भारी कशी? कारण फोडायचं काम ऊर्जा करते, आणि ऊर्जेच्या हिशेबात वेगाला वेगाने गुणावं लागतं. तो हिशेब केला तर गोळ्याची ऊर्जा धावत्या हत्तीच्या अकरापट निघते, आणि ती सगळी वीतभर जागेवर आदळते. शिवाय त्याला तुमची पंधरा पावलं नकोच असतात. त्याची धाव तोफेच्या नळीतच झालेली असते, खंदकाच्या पार पलीकडे.

मे १८१८ मध्ये हेच घडलं. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचं पायदळ आणि तोफा सोलापूरला होत्या, त्यांच्यावर गणपतराव पानसे होते. इंग्रजांचा सेनापती टॉमस मन्रो चालून आला. १० मे रोजी इंग्रजांनी शिड्या लावून पेठ घेतली, नंतर किल्ल्यावर तोफा डागल्या, आणि महिना अर्धा होईतो किल्ला त्यांच्या हातात गेला. दाराला कुणी टक्कर दिली नाही. दोन तट, खंदक, तलाव सगळं जागच्या जागी होतं. पण धाव रोखायची ही सगळी व्यवस्था जमिनीवरून धावणाऱ्यासाठी होती.

मेंढा संपला का मग? नाही. तो लहान झाला. ब्रिटनमधले पोलीस गुन्हेगाराचं दार उघडायला ‘एन्फोर्सर’ नावाचा पोलादी ठोकळा वापरतात. दोन मुठी, लाल रंग, वजन १६ किलो. तिथले लोक गमतीने त्याला मोठी लाल किल्ली म्हणतात. एकच पोलीस तो झोक्याने हाणतो आणि दारावर बसतो ३ टनांहून जास्त दणका. तीन टन! ओळखीचा आकडा वाटतो ना? सोळा गडी आणि दोनशे किलोचा ओंडका यांनी मिळून केलेलं काम एकटा माणूस करतो. कारण पोलाद पोलादावर आदळतं तेव्हा थांबायला सेकंदाचा तीनशेवा भागही पुरतो. आणि तो मारतो कुठे? दाराच्या मधोमध नाही, कुलपाशी. सोळा जणांनी हे बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता. रस्ता खणताना पोकलेनच्या सोंडेला लावलेला ब्रेकर मिनिटाला शेकडो टकरा देतो, तोही याच घराण्यातला.

पण माणसाने मारलेली सगळ्यात अजब टक्कर पृथ्वीवर झालेलीच नाही. कधीकाळी एखादा लघुग्रह पृथ्वीच्या दिशेने आला, तर त्याला टक्कर मारून वाटेवरून ढळवता येईल का, हे बघायचं होतं. नासाने त्यासाठी डार्ट नावाचं यान सोडलं. लक्ष्य होतं डिमॉर्फोस, सुमारे १६० मीटर रुंदीचा खडक, जो स्वतः डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. या जोडगोळीपासून पृथ्वीला काही धोका नव्हता, फक्त सरावासाठी निवडली होती. यान सुमारे ५७० किलोचं, आपल्या हत्तीच्या सातव्या भागाएवढं. पण वेग सेकंदाला ६ किलोमीटरच्या वर! संवेगाच्या हिशेबात दोनशेहून जास्त हत्ती एकदम. २७ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे, आपण सोलापुरात साखरझोपेत असताना, ते नेमकं जाऊन आदळलं.

डिमॉर्फोसला एक फेरी मारायला आधी ११ तास ५५ मिनिटं लागत. टकरीनंतर ती ३२ मिनिटांनी कमी झाली. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. असं का झालं, यात खरा मजेदार भाग आहे. यान आदळल्यावर खडकातून धूळ आणि दगडगोटे उलट्या दिशेने अवकाशात उडाले, आणि उडताना त्यांनी खडकाला उलटा धक्का दिला. त्यामुळे एकूण धक्का नुसत्या यानाच्या धक्क्याच्या अंदाजे साडेतीन पट झाला. योटापाटाच्या पोत्यातल्या भुशाने दणका खाल्ला होता, इथल्या मोकळ्या मातीने तो वाढवला! तिथे भुसा पोत्यात कोंडलेला होता, इथे माती उडून जायला मोकळी होती.

खडकाला नुसती खळगी पडली, की त्याचा सगळा आकारच बदलला, हे पृथ्वीवरून नीट दिसत नाही. म्हणून युरोपने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेरा नावाचं यान तिकडे धाडलंय. २०२६ च्या अखेरीला त्याने तिथे पोचायचं आहे, आणि टक्कर लागलेल्या जागेचं माप घ्यायचं आहे.